जेम्सटाउन डे कसा बदलला: व्हर्जिनियातल्या चौथीच्या वर्गाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात चौथीच्या मुलांना स्वतःच्या राज्याचा इतिहास, भूगोल आणि राज्यकारभार एकाच विषयात शिकवतात. विषयाचं नाव ‘व्हर्जिनिया स्टडीज’. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडेही चौथीलाच शिवरायांचा इतिहास असतो. फरक इतकाच की व्हर्जिनियाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी इंग्रजी अमेरिकेच्या सुरुवातीचा इतिहास. इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, जेम्सटाउन, इथली, १६०७ ची. पहिली निवडून आलेली प्रतिनिधीसभा इथली, १६१९ ची. आणि इंग्रजी वसाहतीत आफ्रिकी माणसं विकली गेल्याची सुरुवातीची नोंदही इथलीच, त्याच १६१९ ची.

प्रकरण उत्तर व्हर्जिनियातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेतलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्गशिक्षिका महाराष्ट्रात शिकलेल्या आणि तिथे काही वर्षं शिकवलेल्या. लेखात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. मी त्या काळात शाळेत सामाजिक शास्त्राची मार्गदर्शक म्हणून जात होते, म्हणजे तास घेत नव्हते, पण नियोजनाच्या बैठकांना बसत होते.

चौथीच्या चार तुकड्या होत्या. सामाजिक शास्त्र आणि विज्ञान आलटून-पालटून चालायचं, त्यामुळे वेळ मुळातच तुटपुंजा. वर्षाच्या शेवटी राज्याची परीक्षा, बहुतेक प्रश्न पर्यायांचे. अभ्यासक्रमात पाच भूप्रदेश, चार नद्या, मूळ रहिवाशांच्या जमाती, जेम्सटाउन, तंबाखू, गुलामगिरी, स्वातंत्र्ययुद्ध, यादवी युद्ध, त्यानंतरची पुनर्रचना, विसावं शतक आणि शेवटी राज्य सरकारच्या तीन शाखा. प्रकरणं सुटी सुटी. भूगोल सप्टेंबरात उरकायचा, सरकार मे महिन्यात, मधे इतिहास.

शाळेची एक जुनी परंपरा होती, ‘जेम्सटाउन डे’. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या आठवड्यात चारही वर्ग एकत्र यायचे. मुलं चिठ्ठ्या उचलून ठरवायची कोण काय होणार: काही इंग्रज वसाहतवाले, काही पॉवहॅटन लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आणि ‘तंबाखूच्या मळ्या’च्या खेळात काही ‘मजूर’. तपकिरी कागदी पिशव्या कापून बंड्या, डोक्याला रंगीत पिसं, जेवणात मक्याचा पाव. पालक फोटो काढायला यायचे. हा दिवस एका ज्येष्ठ सहकारी शिक्षिकेने अनेक वर्षं खपून उभा केला होता आणि शाळेला त्याचा अभिमान होता.

अडचण

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेहमीप्रमाणे घरी पत्रं गेली. दोन दिवसांत बाईंच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा ईमेल आला. कुटुंब आफ्रिकी-अमेरिकी. मेल छोटा आणि शांत होता. मुलीने चिठ्ठीत ‘मजूर’ उचलला तर तिने नेमकं काय करायचं, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर माझ्या मुलीने ते बघत काय करायचं, असे दोन प्रश्न होते. तिसरं वाक्य नव्हतंच.

मुख्याध्यापकांचा पहिला सल्ला कुठल्याही शाळेत मिळाला असता तोच: त्या मुलीला त्या दिवशी ग्रंथालयात बसायची मुभा द्या, बाकी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होऊ द्या. बाईंना हे पटेना. ईमेलमधला दुसरा प्रश्न त्या मुलीपुरता नव्हताच, सगळ्या खेळाबद्दल होता. मुलीला खोलीबाहेर बसवलं तर खेळ तसाच राहतो, शिवाय एक मूल वगळलं गेलं हे सगळ्यांना दिसतं ते वेगळंच.

दुसरी अडचण मेलमध्ये नव्हती, ती बैठकीत निघाली. ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, “मुलं हा दिवस जन्मभर विसरत नाहीत.” त्यात खोटं काहीच नव्हतं. मग बाईंनी एक साधी गोष्ट केली. आदल्या वर्षी हा दिवस अनुभवलेल्या, आता पाचवीत गेलेल्या काही मुलांना जेवणाच्या सुट्टीत विचारलं: काय आठवतं? पिसं आठवत होती, मक्याचा पाव आठवत होता, कुणाला कुठली चिठ्ठी आली ते तर पक्कं आठवत होतं. वसाहत नदीकाठी नेमकी तिथेच का वसवली, असं विचारल्यावर एकाने “कारण तिथे संग्रहालय आहे” असं सांगितलं. १६१९ म्हटल्यावर “काहीतरी महत्त्वाचं झालं होतं” इतकं.

म्हणजे शाळेचा सगळ्यात खर्चिक, सगळ्यात लाडका दिवस नेमकं तेच शिकवत नव्हता ज्यासाठी तो होता. माझ्या मते या प्रकरणाची खरी अडचण ही होती, ईमेलने ती फक्त टेबलावर आणली. मूळ रहिवासी, वसाहतवाले, गुलाम केलेली माणसं अशा तिन्ही गटांच्या वाट्याला पोशाख आला होता. जमीन, पाणी, कायदा, सत्ता यांतलं काहीच कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला, मुख्याध्यापकांचा. सोपा, आणि नियमात बसणारा.

दुसरा, तो दिवसच रद्द करायचा. एका शिक्षिकेला हेच बरं वाटत होतं: पुस्तकातून शिकवू, वाद नको. पण नऊ वर्षांची मुलं पुस्तकातून ‘प्रतिनिधीसभा’ शिकतात म्हणजे व्याख्या पाठ करतात. शिवाय रद्द करण्याचा पालकांमध्ये एकच अर्थ निघाला असता, की अमक्या आईने तक्रार केली म्हणून मुलांची मजा गेली.

तिसरा, ‘मजूर’ ही चिठ्ठी काढून टाकायची, बाकी ठेवायचं. बैठकीत या पर्यायाला सगळ्यात जास्त पाठिंबा होता. तो ऐकायला मधला मार्ग वाटतो, पण मला तो चौघांत सगळ्यात वाईट वाटला. तंबाखूचा मळा दाखवायचा आणि त्यात राबणारी माणसंच दाखवायची नाहीत, म्हणजे इतिहास खोटा करून गोडी राखायची. कागदी पिसांबद्दलही तो काहीच म्हणत नव्हता.

चौथा बाईंचा. सगळं प्रकरण नव्याने रचायचं: आधी नकाशा, मग वसाहत, मग सभा. नाटक करायचंच तर माणसांच्या वंशाचं आणि दुःखाचं करायचं नाही, निर्णय घेण्याच्या प्रक्रियेचं करायचं. म्हणजे सभा भरवता येते, ठराव मांडता येतो, मतदान करता येतं. उपासमार, विक्री, कुणाची तरी जमात, यांतलं काही अंगावर चढवायचं नाही.

इथे एक निर्णय लांबला. चारही तुकड्यांनी एकत्र बदलायचं, की बाईंनी आपल्या वर्गापुरतं? ज्येष्ठ सहकाऱ्यांना दुखवायचं नव्हतं, आणि बाई शाळेत तुलनेने नवीन होत्या. शेवटी तडजोड झाली. त्या वर्षी दोन वर्ग नव्या रचनेने आणि दोन जुन्या, पण जुन्यातूनही चिठ्ठ्या आणि पिसं बाद. कुणालाच ही तडजोड फारशी आवडली नव्हती.

काय केलं: माती आणि पाणी

पहिले तास मातीत गेले. शब्दशः. स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियमचे मोठे ट्रे, कुंभारकामाची माती, वाळू आणि पाण्याचे मग. प्रत्येक गटाने पश्चिमेकडून पूर्वेकडे व्हर्जिनिया उभा करायचा: ॲपलाशियन पठार, दऱ्या-डोंगरांचा पट्टा, ब्लू रिज, पीडमाँट आणि मग किनारी सपाट प्रदेश, ज्याला इथे टाइडवॉटर म्हणतात. दिवाळी तोंडावर होती आणि वर्गात दोन-तीन मराठी घरातली मुलं होती. त्यांना घरच्या किल्ल्याचा सराव. हात ओला करून उतार कसा गुळगुळीत करायचा, डोंगराला आतून दगडाचा आधार कसा द्यायचा, हे त्यांनी न विचारता दुसऱ्या गटांना दाखवलं. एरवी तासाला तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी मुकादम झाला होता.

पीडमाँट आणि किनारी प्रदेश यांच्यामधे बाईंनी एक पायरी ठेवायला सांगितली. पश्चिमेला कठीण खडक म्हणून घट्ट माती, पूर्वेला मऊ गाळ म्हणून वाळू. याच रेषेला फॉल लाइन म्हणतात. इथे नद्या खडकावरून खाली उतरतात, पाणी उसळतं, आणि समुद्रातून वर आलेल्या जहाजाची वाट संपते. मुलांनी कागदी होडी चेसापीक उपसागरातून आत ढकलली. पायरीपाशी अडली.

“मग पुढे कसं जायचं?”

“बैलगाडीने,” एकाने सांगितलं.

“सामान उतरवावं लागेल ना. मग तिथे गोदाम पाहिजे.”

“गोदाम असलं की दुकान येईल.”

एवढं झाल्यावर बाईंनी खरा नकाशा भिंतीवर लावला. जेम्स नदीवर, फॉल लाइनपाशी, रिचमंड. रॅपाहॅनॉकवर फ्रेडरिक्सबर्ग. ॲपोमॅटॉक्सवर पीटर्सबर्ग. पोटोमॅकवर जॉर्जटाउन. मुलांनी स्वतःच शोधलेली रेषा शहरांच्या रूपाने समोर आली. राजधानी १६९९ मध्ये जेम्सटाउनहून विल्यम्सबर्गला आणि १७८० मध्ये रिचमंडला का हलली, हा पुढचा धडा त्यामुळे अर्ध्या वेळात झाला. १६०७ च्या मे महिन्यात वसाहतवाल्यांना घेऊन आलेला कॅप्टन न्यूपोर्ट होड्या घेऊन जेम्स नदीत वर गेला तोही याच धबधब्यांपाशी थांबला, हे वाचून मुलांना आश्चर्य वाटलं नाही. आमच्या दृष्टीने तेच यश.

मग जेम्सटाउन. वसाहत काढणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या माणसांनी जागा निवडताना काय पाहिलं? किनाऱ्यालगतच इतकं खोल पाणी की जहाज झाडाला बांधता येईल. स्पॅनिश जहाजांपासून लपायला उपसागरापासून आत. जवळपास चारी बाजूंनी पाणी, म्हणजे बचाव सोपा. तिन्ही कारणं बरोबर, आणि तरीही जागा माणसं मारणारी निघाली. हे दाखवायला बाईंनी ट्रेच्या उपसागराच्या टोकाला निळा रंग घातलेलं मिठाचं पाणी ओतलं. वरून मगाने भरपूर पाणी सोडलं तोवर निळा रंग बाहेरच राहिला. वरची धार बारीक केली तशी निळाई हळूहळू आत सरकली आणि बरोबर जेम्सटाउनच्या किल्ल्याच्या जागेपाशी येऊन घुटमळली. उन्हाळ्यात नदीचा जोर कमी होतो, खारं पाणी आत येतं, आणि वस्तीची घाण तिथेच फिरत राहते. झाडांच्या वलयांवरून अभ्यासकांनी दाखवलंय की १६०६ ते १६१२ हा इथला भीषण दुष्काळाचा काळ होता. १६०९–१० च्या हिवाळ्यात वसाहतीत साधारण ३०० माणसं होती, वसंतात सुमारे ६० उरली. हा आकडा बाईंनी नाट्य न करता सांगितला. एका मुलीने ट्रेकडे बघत विचारलं, पॉवहॅटन लोक याच बेटावर का राहत नव्हते? उत्तर तिने स्वतःच दिलं: त्यांना माहीत होतं.

हे वाक्य पाठ्यपुस्तकात सापडत नाही. या लोकांच्या प्रमुखालाही पॉवहॅटनच म्हणत. त्याची राजधानी वेरोवोकोमोको यॉर्क नदीच्या काठावर होती, त्याच्या अमलाखाली तीसेक जमाती होत्या, आणि इंग्रजांना जगायला लागणारा मका याच लोकांकडून येत होता. हे सगळं त्या मुलीच्या वाक्यानंतर सांगणं सोपं गेलं.

काय केलं: सभा आणि रिकाम्या खुर्च्या

जेम्सटाउन डेच्या जागी सभा भरली. ३० जुलै १६१९ ला गव्हर्नर जॉर्ज यार्डलीने जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वस्त्यांचे प्रतिनिधी बोलावले होते. अकरा वस्त्यांचे प्रत्येकी दोन असे बावीस जण आले. सहा दिवस काम चाललं, उकाडा इतका की एक सदस्य मधेच दगावला. मार्टिन्स ब्रँडनच्या दोघांना तर सभेने बसूच दिलं नाही, कारण त्यांच्या मालकाची सनद त्याला वसाहतीच्या कायद्यांपासून सूट देत होती. मुलांना हे भांडण भलतंच आवडलं. ‘नियम पाळणार नसाल तर नियम करायला कशाला बसता’ हा मुद्दा त्यांनी तावातावाने मांडला.

सगळी मुलं प्रतिनिधी. कुणाला चिठ्ठी नाही, पोशाख नाही, फक्त वस्तीच्या नावाची पट्टी. ठराव खरे होते: उत्तम तंबाखू पौंडाला तीन शिलिंग आणि दुय्यम प्रतीचा अठरा पेन्स, दरवर्षी प्रत्येक जमीनधारकाने तुतीची सहा झाडं लावायची, रेशमासाठी, जुगार, दारू आणि आळस यांवर शिक्षा, रविवारी चर्चला हजेरी. आळसावरच्या ठरावावर सर्वांत जास्त वेळ गेला. आळस म्हणजे नेमकं काय, हे कोण ठरवणार, असा प्रश्न आला, आणि त्यावर न्यायव्यवस्थेचा अख्खा धडा उभा राहिला.

खोलीच्या एका भिंतीला बाईंनी चार खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या. त्यांच्यावर काही लिहिलं नव्हतं. सभा संपल्यावर विचारलं: या ठरावांचा परिणाम कुणावर होणार आहे, पण ते इथे बसलेले नाहीत? मुलांनी नावं दिली. बायका. पॉवहॅटन लोक, ज्यांच्या जमिनीवर तंबाखू वाढणार होता. करारावर बांधलेले नोकर. चौथ्या खुर्चीसाठी बाईंनी पुढची तारीख सांगितली: त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ‘व्हाइट लायन’ नावाचं जहाज पॉइंट कम्फर्टला लागलं. जहाजावर वीसहून थोडी जास्त आफ्रिकी माणसं होती, आजच्या अंगोलाच्या भागातून पकडून आणलेली. त्यांच्या बदल्यात अन्नधान्य घेण्यात आलं. पुढच्या काही वर्षांत केलेल्या शिरगणतीत जेम्सटाउनच्या एका घरात अँजेला नावाच्या आफ्रिकी बाईची नोंद आहे.

या भागात कुणी काही ‘केलं’ नाही. वाचलं, नकाशावर जहाजाचा मार्ग पाहिला, प्रश्न विचारले. किती सांगायचं हा इथला कठीण निर्णय होता, आणि त्यावर आमची बरीच चर्चा झाली. मारहाणीची वर्णनं नऊ वर्षांच्या मुलांसमोर ठेवायची नाहीत हे लगेच ठरलं. कायदा मात्र सांगायचा, यावर बाई ठाम होत्या. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या याच सभेने कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम आईचं मूल जन्मतःच गुलाम. मुलांना तो लगेच कळला, आणि वर्ग गप्प झाला. मग ज्या आईचा ईमेल आला होता तिच्या मुलीने हात वर केला. तिचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता: “तंबाखूचे पैसे कुणाकडे जायचे?” बाईंनी फळ्यावर बाण काढले: जमीन, राबणारे हात, बंदर, लंडन, आणि पैसे परत कुणाच्या घरात. मुलांनी तो आराखडा वहीत उतरवून घेतला.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच. अमेरिकेतली पहिली निवडून आलेली सभा म्हणून जिचं कौतुक करायचं, तिनेच गुलामगिरी वंशपरंपरेची केली. इतिहास आणि नागरिकशास्त्र वेगवेगळ्या महिन्यांत शिकवलं की मुलांना यातला एकच अर्धा भाग दिसतो. १७७६ मध्ये जॉर्ज मेसनने व्हर्जिनियाच्या हक्कनाम्यात सगळी माणसं निसर्गतः सारखीच मुक्त आहेत असं लिहिलं, आणि तो स्वतः गुलामांचा मालक होता. हे पुढे आलं तेव्हा बाईंच्या वर्गाला नव्याने धक्का बसला नाही, मुलांनी सरळ विचारलं, सभेत हा प्रश्न कुणी काढला का?

एका भारतीय घरातल्या मुलाने विचारलं, तेव्हा आपल्याकडचं कुणी इथे होतं का? होतं. १६३० च्या दशकातल्या व्हर्जिनियाच्या जमिनीच्या कागदांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. तो एका इंग्रज जमीनदाराच्या नावावर आणलेल्या माणसांच्या यादीत आहे, कारण आणलेल्या प्रत्येक माणसामागे जमीन मिळायची. मुलाचा चेहरा आधी फुलला आणि मग यादी कशाची ते कळल्यावर जरा विचारात पडला. बाईंनी ते तसंच राहू दिलं.

काय केलं: आजचे लोक

जुन्या रचनेत पॉवहॅटन लोक नोव्हेंबरात यायचे आणि नोव्हेंबरातच संपायचे. बाईंनी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यासाठी एक बातमी राखून ठेवली होती. पॉवहॅटन लोकांतल्याच पामंकी आणि मॅटापोनाय या जमातींचे लोक दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रिचमंडला गव्हर्नरच्या निवासस्थानी हरीण घेऊन जातात. ही इंग्रजांशी झालेल्या १६७७ च्या तहातली खंडणी. त्या तहावर पामंकींची राणी कॉकाकोएस्की हिची खूण आहे. मुलांनी व्हिडिओ पाहिला: पायऱ्यांवर गव्हर्नर, खाली हरीण, हस्तांदोलन.

“गव्हर्नरने नको म्हटलं तर?”

“तह मोडेल.”

“कुणाचा?”

हा शेवटचा प्रश्न सरकारच्या धड्याचा दरवाजा ठरला. तह दोन सरकारांमध्ये होतो, म्हणजे पामंकींचंही सरकार आहे. पामंकींना संघराज्याची मान्यता २०१५ मध्ये मिळाली, आणखी सहा जमातींना २०१८ मध्ये कायद्याने. मुलांनी मातीच्या नकाशावर पामंकी आणि मॅटापोनाय या दोन नद्या शोधल्या, त्या मिळून यॉर्क होते हे पाहिलं, आणि त्यांच्या काठावर दोन्ही जमातींच्या राखीव जमिनी आजही आहेत तिथे झेंडे रोवले.

सहलीचाही प्रश्न निघाला. जेम्सटाउन बसने जवळपास तीन तास लांब, खर्च मोठा. त्याऐवजी पोटोमॅकवरच्या ग्रेट फॉल्सला नेलं. तिथे फॉल लाइन डोळ्यांनी दिसते आणि कानांनी ऐकूही येते, आणि बाजूलाच जॉर्ज वॉशिंग्टनच्या कंपनीने धबधबा टाळायला खोदलेल्या कालव्याचे अवशेष आहेत. काही पालकांना हा सौदा घाट्याचा वाटला. जेम्सटाउनला निदान जहाजांच्या प्रतिकृती बघायला मिळाल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं.

परिणाम

तासाच्या शेवटी मुलांकडून कागदाच्या चिटोऱ्यावर एक उत्तर घ्यायची बाईंची पद्धत होती. ‘रिचमंड तिथेच का?’ याला बाईंच्या वर्गातल्या बहुतेकांनी नदी, पायरी, जहाज, माल या क्रमाने उत्तर दिलं. जुन्या पद्धतीच्या दोन वर्गांत ‘कारण ती राजधानी आहे’ हे उत्तर जास्त आलं. दोन्हीकडे शिकवणाऱ्या वेगळ्या, मुलं वेगळी, त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण सरकारच्या धड्याच्या वेळी फरक स्पष्ट दिसला. शंभर सदस्यांचं हाउस ऑफ डेलिगेट्स, चाळीस सदस्यांचं सेनेट, सलग दुसऱ्यांदा उभं राहता न येणारा गव्हर्नर, हे सगळं बाईंच्या मुलांनी १६१९ च्या सभेशी स्वतःहून जोडलं.

आईचा पुन्हा मेल आला, आभाराचा, आणि त्यात एक सूचना होती: गुलामगिरीखेरीज आफ्रिकी-अमेरिकी माणसं अभ्यासक्रमात पुन्हा केव्हा येणार? प्रश्न रास्त होता, आणि पुढच्या परिच्छेदातल्या नुकसानीमुळे तो आणखीच बोचला.

वेळ कमी पडला. मातीच्या कामाला ठरल्यापेक्षा जास्त तास गेले, सभेलाही. मे महिन्यात परीक्षा तोंडावर आली तेव्हा यादवी युद्धानंतरची पुनर्रचना आणि विसावं शतक घाईत उरकलं गेलं. मॅगी वॉकर, जिने १९०३ मध्ये रिचमंडमध्ये बँक काढली, तिच्या वाट्याला अर्धा तासही आला नाही. प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या गेल्या होत्या, ही गोष्ट चौथीच्या मुलांना हमखास भिडते, तीही पळत पळत सांगितली गेली.

एक-दोन पालक नाराज राहिले. मोठ्या भावंडाचे पिसांतले फोटो आहेत, धाकट्याचे नाहीत. ज्येष्ठ सहकारी वर्षभर काहीशा दूर राहिल्या. मार्चमध्ये मात्र त्या स्वतः बाईंकडे मातीचे ट्रे मागायला आल्या, नद्यांची उजळणी घ्यायची होती म्हणून.

पुन्हा करायचं झालं तर

पत्र आधी जायला हवं होतं. नवा कार्यक्रम काय आहे आणि का आहे हे पालकांना सभेच्या आठवड्यात कळलं, त्यामुळे ‘काहीतरी काढून घेतलं’ ही भावना आधी पोचली आणि कारण नंतर.

हरणाची बातमी शेवटी ठेवण्याऐवजी सुरुवातीला घ्यावी, असं मला वाटतं. आजच्या तहापासून मागे गेलं तर मुलं पहिल्या दिवसापासून पामंकींना वर्तमानकाळात धरतील. बाईंचं मत वेगळं आहे: शेवटी आल्यामुळे धक्का बसला आणि तो हवा होता. तरी वर्गातल्या एकाने परीक्षेनंतरच्या उजळणीत ‘पॉवहॅटन लोक पूर्वी होते’ असंच लिहिलं, याकडे मी बोट दाखवते.

माती सगळ्या पाच प्रदेशांची करायची गरज नाही. ब्लू रिजपासून पूर्वेचा भाग पुरेसा आहे, पश्चिमेकडचे दोन प्रदेश नकाशावर दाखवता येतात. त्यातून दोन तास तरी सुटतात.

तुकड्या अर्ध्या-अर्ध्या करण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, बाईंना वाटत नाही. एकाच शाळेत शेजारच्या वर्गात वेगळा इतिहास शिकवला जातो हे मुलांच्या लगेच लक्षात आलं आणि मैदानावर त्यावरून वादही झाले. पण सगळ्यांवर एकदम लादलं असतं तर मार्चमध्ये ट्रे मागायला कुणी आलं नसतं.

पुढच्या वर्षाच्या नियोजनात चारही वर्गांनी सभा घ्यायचं ठरलंय. कागदी बंड्यांचं सामान कपाटातूनही बाद झालं. मॅगी वॉकर आणि प्रिन्स एडवर्ड काउंटी यांच्यासाठी फेब्रुवारीचे तास आधीच राखून ठेवलेत, विज्ञानाच्या शिक्षिकेच्या लेखी संमतीने.